मुलांना द्यायला कुठे शिकवावं? ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचा लंगर, आणि त्याआधी करून पाहिलेल्या दोन गोष्टी

निकाल आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. तुमची मुलं किंवा नातवंडं सात-आठ वर्षांच्या पुढची असतील, आणि आपलं दुसऱ्याला द्यायची सवय त्यांना लागावी असं मनापासून वाटत असेल, तर त्यांना घेऊन किल्ल्यावरच्या दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्यात जा. दर्शन घेऊन, लंगरमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यांसाठीच्या मोफत पंगतीत, जेवून परत येऊ नका. निम्मा दिवस तिथे काम करायला म्हणून जा. पैसे भरून मिळणारं अन्नदान आणि बाजारातला तीन कप्प्यांचा गल्ला, दोन्ही आमच्या घरात येऊन गेले. त्यांच्याबद्दलही लिहितो, कारण बहुतेक आईवडील सुरुवात तिथूनच करतात.

माझ्याबद्दल थोडं. मी एजी ऑफिसातून, म्हणजे सरकारी हिशेब ठेवणाऱ्या महालेखापालांच्या कचेरीतून निवृत्त झालो, राहतो ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, चिटणीस की गोठला. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत नातवंडं माझ्याकडे असतात. नातू अकरा वर्षांचा, नात आठ. दोघंही गुणी आहेत, उद्धटपणा नाही, मागितलं तर देतात. पण आपणहून काही द्यावं हे त्यांना सुचतच नाही. आणि ते सुचावं कुठून? आमच्या दारात रोज कुणी ना कुणी पार्सल घेऊन येतो. वस्तू घरात येताना मुलं पाहतात, घरातून जाताना त्यांना काहीच दिसत नाही.

आमच्या लहानपणी दिसायचं. स्वयंपाक झाला की पहिला घास गाईचा. दर मंगळवारी एक विद्यार्थी आमच्याकडे जेवायला असे, त्याचे बाकीचे वार गल्लीतल्या इतर घरांत लागलेले. 1960 च्या मे महिन्यात विनोबा पदयात्रा करत चंबळच्या खोऱ्यात आले आणि भिंड-मुरैन्याकडच्या बागींनी, म्हणजे डाकूंनी, त्यांच्यापुढे बंदुका आणून ठेवल्या. ग्वाल्हेरात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. मी तेव्हा नुकता शाळेत जाऊ लागलो होतो. आईनं त्यानंतर स्वयंपाकघरात सर्वोदय पात्र ठेवलं. विनोबांचं म्हणणं असं होतं की घरोघरी एक भांडं ठेवावं आणि त्यात रोज एक मूठ धान्य टाकावं, पण ती मूठ घरातल्या लहान मुलाची असावी. आमच्या घरात सगळ्यात लहान मी. पितळेचा डबा, चुलीच्या उजव्या अंगाला. मूठ भरून गहू टाकल्याशिवाय आई पान वाढत नसे. महिनाअखेरीला एक कार्यकर्ते सायकलवरून येत आणि ते धान्य पिशवीत घेऊन जात. ते कुणाकडे जातं हे मला कधी कळलं नाही, पण डबा रिकामा झालेला दिसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली मूठ टाकावी लागायची.

तेव्हा आता मूळ विषयाकडे.

पहिला आला तो गल्ला. लाकडी, तीन कप्प्यांचा, पुढे काच, वर खर्च, बचत आणि दान असं लिहिलेलं. सुनेनं ऑनलाइन मागवला होता. वस्तू म्हणून ठीकठाक आहे. रंग उडाला नाही, खालचं झाकण स्क्रूचं असल्यामुळे मुलांना सहज उघडता येत नाही. मुलांना हिशेब ठेवायची गोडी लागते, हा त्याचा खरा फायदा, आणि माझ्यासारख्या माणसाला त्याचं कौतुक वाटणारच. पण दानाचा कप्पा म्हणजे मुलांच्या दृष्टीनं भरायचा आणखी एक कप्पा. पैसे काचेतून दिसत राहतात, साठत राहतात आणि तिथेच राहतात. घ्यायचा असेल तर घ्या, पण दान हा कप्पा दर महिन्याला मुलांच्याच हातानं रिकामा होणार असेल तरच घ्या.

दुसरं, पैसे भरून अन्नदान. शहरातल्या एका संस्थेचं नाव आमच्या ओळखीच्यांनी सुचवलं होतं. नाव लिहीत नाही, कारण असं करणाऱ्या बऱ्याच आहेत आणि सगळ्यांची पद्धत थोड्याफार फरकानं सारखीच. आपण किती मुलांना जेवण द्यायचं ते ठरवायचं, पैसे भरायचे, दिवस निवडायचा. नातीच्या वाढदिवसाचा दिवस घेतला. जेवण खरोखर चांगलं होतं: पुरी, बटाट्याची भाजी, पुलाव, बुंदीचा लाडू. पावती चोख होती आणि वेळेवर मिळाली. हिशेबाच्या बाजूनं एक अक्षर काढता येणार नाही.

पण जे पाहिलं ते लिहायलाच हवं. मुलं रांगेत बसलेली, पुढ्यात वाढलेली ताटं, आणि मागे नातीच्या नावाचा, फोटोचा मोठा फलक. जेवायला सुरुवात करण्याआधी मुलांना गाणं म्हणायला लावलं. मग नातीनं एकेकीच्या हातात लाडू द्यायचा. तिच्याच वयाची एक मुलगी होती, दोन वेण्या, लाल रिबिनी. तिनं लाडू घेतला. फोटोवाल्याला तो क्षण मिळाला नाही, म्हणून त्यानं लाडू परत ताटात ठेवायला सांगितलं. तिनं ठेवला. नातीनं पुन्हा उचलून दिला, तिनं पुन्हा घेतला. त्या मुलीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. तिला हे सवयीचं होतं. आठ वर्षांच्या मुलीला घास हातात घेऊन थांबायची सवय आहे, हे पाहून मला फार वाईट वाटलं, आणि ते अजून गेलेलं नाही.

शेवटी नातीला फ्रेम केलेलं प्रमाणपत्र मिळालं. ते तिनं शाळेत नेलं. आपण गरिबांना जेवू घातलं हे तिनं वर्गात सांगितलं, टाळ्या मिळाल्या. मुलीचा यात काडीचा दोष नाही. तिला जे दाखवलं तेच ती शिकली: देणारी मी, घेणारे ते, आणि मध्ये कॅमेरा.

यावर घरात बोलणं झालं तेव्हा सुनेनं मला एक अभ्यास वाचायला दिला. जर्मनीत लायप्झिगला माक्स प्लांक संस्थेत झालेला, 2008 साली प्रसिद्ध झाला. वीस महिन्यांची बाळं. मोठ्या माणसाच्या हातून काही पडलं की ही बाळं आपणहून उचलून देतात. काही बाळांना त्याबद्दल दर वेळी खेळण्यासारखं बक्षीस दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे बक्षीस बंद केल्यावर, ज्यांना ते मिळालं होतं त्यांचं मदत करणं कमी झालं. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती करत राहिली. म्हणजे मदत करायची ओढ मुलांच्या अंगात मुळातच असते, आणि प्रमाणपत्रं वाटून आपण ती घालवू शकतो. हे वाचल्यावर मी ती फ्रेम कपाटात ठेवून दिली. नातीनं त्याबद्दल विचारलंही नाही.

आता किल्ला.

गुरुद्वारा किल्ल्याच्या वर, सिंधिया स्कूल आणि तेली का मंदिर आहे त्याच अंगाला. लष्करातून गाडीनं जायचं तर उरवाई गेटनं. चढ चांगलाच आहे, रस्ता अरुंद, पण दोन्ही बाजूंना कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती लागतात आणि मुलांची मान खिडकीबाहेरच राहते. पायी जायचं असेल तर पलीकडून, ग्वालियर गेटनं. त्या वाटेवर गाड्या नाहीत आणि मुलं दमून भूक लागून वर पोचतात, हे लंगरच्या दृष्टीनं उत्तमच. मानसिंगाच्या महालाला तिकीट आहे, गुरुद्वाऱ्याला अर्थातच नाही.

इथला इतिहास मुलांना आधी सांगा, वाटेत सांगितला तरी चालेल. शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना बादशहा जहांगीरनं याच किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. तेव्हा किल्ल्यात इतरही राजे अटकेत होते. शीख परंपरा अशी की गुरूंच्या सुटकेचा हुकूम आला तेव्हा ते म्हणाले, हे राजेही सुटणार असतील तरच मी बाहेर पडेन. बादशहानं अट घातली, जितके तुमचा पदर धरून बाहेर पडतील तितके सुटले. गुरूंनी 52 कळ्यांचा, म्हणजे कापडाच्या पट्ट्यांचा, झगा शिवून घेतला आणि 52 राजे एकेक कळी धरून त्यांच्याबरोबर बाहेर आले. म्हणून दाता बंदी छोड. दिवाळीच्या सुमारास शीख लोक बंदी छोड दिवस पाळतात तो याच आठवणीत. ग्वाल्हेरात जन्म काढलेल्या कितीतरी मराठी घरांत ही गोष्ट मुलांना माहीत नसते, याचं मला आश्चर्य वाटतं. गूजरीमहाल सांगतो, तानसेन सांगतो, हे राहून जातं.

नातीनं तिथल्या एका वयस्क सेवादारांना विचारलं, बावन्न माणसं एका माणसाच्या इतक्या जवळ मावतील कशी? त्यांनी अगदी गंभीरपणे उत्तर दिलं, "कोई कली छोटी, कोई लंबी, पुत्तर. जो पीछे था, उसके लिए लंबी." मागे राहिलेल्यासाठी लांब कळी. मी इतकी वर्षं ही गोष्ट ऐकत होतो, हा तपशील मला माहीत नव्हता.

चपला जोडाघरात द्यायच्या, पाय धुवायचे, डोकं झाकायचं. पुरुषांनी आणि मुलांनीही. आत मत्था टेकला की हातावर कडाह प्रसाद मिळतो. कणीक, तूप आणि साखर, तिन्ही सारख्या वजनाची. दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घ्यायचा. कुणी कितीही मोठा असो, हात तसेच पुढे करावे लागतात.

मग लंगर. मी आधीच एका सेवादारांशी बोललो होतो की मुलांना जेवायचंही आहे आणि काम करायचंही आहे. असं विचारावं, न विचारता स्वयंपाकघरात घुसू नये. त्यांनी हो म्हटलं, कुठलाही अर्ज नाही, नावनोंदणी नाही. नातीला नेऊन लसूण सोलणाऱ्या बायकांच्या घोळक्यात बसवलं. समोर लसणाचा ढीग. एका आजींनी तिला पाकळी सुरीच्या चपट्या बाजूनं दाबून साल सोडवायला दाखवलं. मुलगी घरी ताटातली कोथिंबीर बाजूला काढते, इथे बराच वेळ मान खाली घालून लसूण सोलत बसली होती. बोटांना वास राहिला तो घरी येईपर्यंत हुंगत होती.

नातवाला आधी पंगतीत वाढायला दिलं. तिथे पोळीला परशादा म्हणतात आणि ती ताटात टाकत नाहीत. जेवणारा दोन्ही हात पुढे करतो, वाढणारा त्यावर ठेवतो. नातू उभा राहून वरूनच पोळी सोडत होता. एका माणसाच्या हातावरून ती घसरली. मागून येणाऱ्या सेवादारांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हटलं, "झुक के, पुत्तर." तो वाकला. पुढची सगळी रांग तो वाकून वाढत गेला. पोळीची टोपली जड असते, लहान मुलाची कंबर भरून येते. मी लांबून पाहत होतो, मध्ये पडलो नाही.

आपल्याकडच्या पंगतीतही मुलांना काम असायचं. मीठ वाढायचं, पाणी वाढायचं, थोडी मोठी झाली की तुपाची तांबली हातात मिळायची. ते शिक्षणच होतं, आणि केटररच्या टेबलापुढे थाळी घेऊन उभं राहायची पद्धत आल्यापासून ते गेलं. पण आमच्या त्या पंगतीत कुणी कुणाच्या शेजारी बसायचं हे ठरलेलं असे, आणि काही माणसं त्या पंगतीत कधी बसतच नसत. तिसरे गुरू अमरदास यांनी नियमच केला होता की आधी पंगत, मग संगत, म्हणजे मला भेटायचं तर आधी सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून जेवा. अकबरालाही तसंच बसावं लागलं असं सांगतात. आपल्या मुलांना आपल्या पंगतीची आठवण सांगताना ही बाजूही सांगावी असं मला वाटतं.

नंतर आम्ही स्वतः पंगतीत बसलो. डाळ, मिसळ भाजी, पोळी, खीर. डाळ दाट, आल्याचा झणका असलेली, आणि इतक्या मोठ्या भांड्यात मंद आचेवर शिजलेल्या डाळीची चव घरच्या कुकरला कधी येत नाही. जेवणाबद्दल एवढंच, कारण मुद्दा तो नाही. ताटात उष्टं टाकायचं नाही हा नियम मात्र मुलांना आधी सांगून ठेवा. थोडं घ्या, पुन्हा मागा, कुणी नाही म्हणत नाही.

नातवाच्या शेजारी एक मुलगा होता, असेल तेरा-चौदा वर्षांचा. किल्ल्यावर येणाऱ्या लोकांना टोप्या आणि गॉगल विकतो. फळीला अडकवलेला माल त्यानं जोडाघरापाशी ठेवला होता. तो भरभर जेवला, ताट उचललं आणि थेट भांडी धुवायच्या जागी जाऊन उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. नातवालाही तिथेच पाठवलं होतं, दोघं शेजारी शेजारी. स्टीलच्या ताटांचा आवाज इतका की बोललेलं ऐकू येत नाही. उष्टं आधी झटकायचं, मग एका हौदातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. नातू ताटाचा मधला भाग घासत होता, कडेची खोबण तशीच राहत होती. त्या मुलानं ताट त्याच्या हातातून घेतलं, उभं धरलं, अंगठ्यानं घासणी कडेत दाबून ताटच गरकन फिरवलं. एका फिरवण्यात कड लख्ख. ताट परत त्याच्या हातात दिलं. दोन-तीन ताटं वाया गेल्यावर नातवाला जमलं.

गाडीत बसल्यावर नातू सगळ्यात आधी काय म्हणाला असेल, तर ताट कसं फिरवायचं ते. तो टोपीवाला मुलगा घेणारा होता की देणारा, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. त्याच्या लेखी तो आपल्यापेक्षा चांगली ताटं धुणारा एक मुलगा होता. दुसऱ्याला देताना आपण वर आणि तो खाली असं मुलांच्या मनात बसू नये, ही माझी खरी तळमळ होती. व्याख्यान देऊन ते झालं नसतं. तिथे ते हौदाच्या कडेला उभं राहून झालं.

त्यानंतर आम्ही अधूनमधून जात असतो. एकदा जाऊन काम भागत नाही, हे स्पष्ट सांगतो. वाढदिवसाची एकच फेरी असेल तर मुलांच्या दृष्टीनं ती सहलच. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी नवलाई संपते, कंटाळा येतो, पाणी गार असतं, नको वाटतं, आणि तरी ताटं असतात. खरी सवय त्या कंटाळ्याच्या पलीकडे लागायला सुरुवात होते. पण जबरदस्ती करू नका. नातीला भांड्यांचा आवाज सोसत नाही, ती लसूण-मटारच सोलते. तिच्या वाट्याचं काम तेच.

पैशांचंही तिथेच सुटलं. शिखांमध्ये दसवंध आहे, कमाईचा दहावा हिस्सा दुसऱ्यांसाठी काढायचा. हे नातवाला गणित म्हणून आवडलं. दिवाळीत ओवाळणीचे आणि आजोळचे मिळून जे पैसे आले त्यातून त्यानं दहावा भाग काढला, लाकडी गल्ल्यात टाकला आणि पुढच्या खेपेला त्याची कणीक आणि डाळ घेऊन गेलो. दुकानात भाव विचारण्यापासून पिशवी उचलण्यापर्यंत सगळं त्याच्याच हातानं. त्यामुळे गल्ल्याचा तो कप्पा आता उपयोगाला येतो, हे त्या वस्तूच्या बाजूनं नमूद करतो.

घरी काय बदललं, असं विचाराल. बॅटवरून भांडणं आजही होतात. चॉकलेटचा मोठा तुकडा कुणाचा यावरूनही होतात. पण उन्हाळ्यात आमच्या दारात माठ ठेवायला सुरुवात केली आहे. ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना तो किती लागतो हे सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि पार्सल आणणारी मुलं त्याच उन्हात दारोदार फिरत असतात. माठ रोज सकाळी घासून भरायचा, झाकण ठेवायचं, ओगराळं धुवायचं. हे काम नातवंडांचं, पाळी लावून. पाळी चुकली तर मी भरत नाही. माठ रिकामा राहतो आणि कुणीतरी झाकण उघडून तसाच परत जातो, हे त्यांनी खिडकीतून एकदा पाहिलं, पुन्हा पाळी चुकली नाही. ज्यांना किल्ल्यावर जाणं शक्य नाही, त्यांनी एवढं केलं तरी मुलांच्या हाताला वळण लागेल. मध्य प्रदेश सरकारच्या आनंद विभागाची 'आनंदम' नावाची वस्तू देण्या-घेण्याची जागा जवळ असेल तर तिथेही मुलांच्या हातानं वस्तू ठेवता येतात, जादा असेल ते ठेवा, लागेल ते न्या अशी पद्धत. फक्त फाटकं-तुटकं नेऊन ठेवू नका, मुलं ते पाहत असतात.

गुरुद्वाऱ्याला तारे द्यायचं मला प्रशस्त वाटत नाही. मुलांना घेऊन जायची जागा म्हणून विचाराल तर ग्वाल्हेरात मला याहून चांगली सापडलेली नाही, आणि मी शोधली आहे.

जायचंच ठरवलंत तर काही गोष्टी सांगून ठेवतो. मुलांना निघताना "गरिबांना जेवायला घालायला चाललोय" असं चुकूनही सांगू नका. जेवायला आणि काम करायला चाललोय, एवढंच सांगा. मोबाइल गाडीत ठेवा, निदान खिशातून काढू नका. एप्रिल-मे-जूनमध्ये दुपारी जाऊ नका, अनवाणी चालायचं असतं आणि फरशी पोळते. सकाळी लवकर जा, नाहीतर सरळ हिवाळ्यात. पहिल्या खेपेला रविवार टाळा. गर्दीत वाढणारे हात भरपूर असतात, लहान मुलांच्या वाट्याला काम येत नाही आणि ती कंटाळून परत येतात. आठवड्यातला शाळेच्या सुट्टीचा एखादा दिवस गाठा. बंदी छोड दिवसाला रोषणाई पाहण्यासारखी असते, पण त्या दिवशी किल्ल्यावर गाडी नेण्याचा विचार करू नका. डोक्याला बांधायला रुमाल तिथे मिळतो, तरी मुलांसाठी घरचे दोन मोठे सुती रुमाल घ्या, लहान डोक्यावरून तिथले घसरतात आणि ताटं धुताना ओल्या हातानं ते पुन्हा पुन्हा बांधावे लागतात. बाह्या वर होतील असे कपडे घाला, आणि एक जादा जोड गाडीत असू द्या, कारण नखशिखांत भिजल्याशिवाय मुलं त्या हौदापासून हलत नाहीत.